आरोपीचा वकील : आपल्या रंगभूमीवर आणि आपल्या मनात

न्यायालय हे स्थळ मराठी नाटककारांना फार पूर्वीपासून प्रिय आहे. साक्षीदाराचा पिंजरा, न्यायमूर्तींचे उच्चासन, काळे कोट, शपथ, शांततेसाठी पडणारा हातोडा, ही सारी सामग्री रंगमंचाला आयतीच मिळते. त्या रंगमंचावर फिर्यादीचे अश्रू, सरकारी वकिलाचा आवेश आणि न्यायाधीशाचे गांभीर्य यांना प्रेक्षकांच्या मनात ठरलेल्या जागा आहेत. आरोपीच्या वकिलाची जागा मात्र कधीच नीट ठरलेली नाही. एक तर तो पैशासाठी काळ्याचे पांढरे करणारा धूर्त माणूस असतो, किंवा शेवटच्या अंकात निरपराध नायकाला सोडवून आणणारा तारणहार असतो. आरोपी दोषी असो वा निर्दोष, त्याच्या बाजूने उभे राहणे हे ज्याचे नेमून दिलेले काम आहे आणि जो ते काम निमूटपणे करतो, असा साधा वकील आपल्या नाटक-चित्रपटांत क्वचितच भेटतो. तो जिथे भेटतो, किंवा जिथे त्याची अनुपस्थिती डोळ्यांत भरते, अशा तीन कलाकृतींचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

या विचाराला निमित्त आमच्या बीड जिल्ह्याचे आहे. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या अंबाजोगाईमुळे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मानाने घेतले जाणारे या जिल्ह्याचे नाव ९ डिसेंबर २०२४ पासून वेगळ्याच कारणाने घरोघरी उच्चारले गेले. केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे त्या दिवशी अपहरण झाले आणि त्यांना हाल हाल करून ठार मारण्यात आले. जिल्हा पेटून उठला, मोर्चे निघाले, आणि मार्च २०२५ मध्ये राज्याच्या एका मंत्र्यास पद सोडावे लागले. त्या कृत्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर आली, तेव्हा ती पाहून ज्याच्या घशाखाली घास उतरला असेल असा माणूस आम्हांस भेटलेला नाही. त्या खटल्यात कोण दोषी आहे हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. त्याविषयी आम्ही येथे एक अक्षरही लिहिणार नाही. आमचे लक्ष वेधले ते त्या दिवसांत चावडीवर, एस.टी.त आणि मिस्सानंतर चर्चच्या आवारात वारंवार कानी पडलेल्या एका प्रश्नाने : "असल्यांचे वकीलपत्र घेतो तरी कोण?" हा प्रश्न विचारणारी माणसे दुष्ट नाहीत. ती दुखावलेली, सज्जन माणसे आहेत. म्हणूनच त्या प्रश्नाचे उत्तर सवंगपणे देऊन चालणार नाही.

विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक 'रंगायन'ने १९६७ साली अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले. सुलभा देशपांडे यांची लीला बेणारे जुन्या रसिकांच्या स्मरणात अजून ताजी आहे. या नाटकावर पुष्कळ लिहिले गेले; स्त्रीच्या कोंडमाऱ्याचे, मध्यमवर्गाच्या दांभिकतेचे नाटक म्हणून त्याची चर्चा झाली, आणि ती योग्यच आहे. परंतु ज्या एका बाजूकडे समीक्षकांचे लक्ष तुलनेने कमी गेले, ती आम्हांस आज विशेष महत्त्वाची वाटते. ती बाजू म्हणजे त्या कोर्टातील बचावाची जागा.

एका हौशी नाट्यमंडळीचा संच अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी गावी आला आहे. वेळ काढण्यासाठी, 'गंमत' म्हणून, तालीम सुरू होते आणि बेणारे बाईंना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. आरोप भ्रूणहत्येचा, म्हणजे हिंसेचा आहे. काशीकर न्यायाधीश होतात. सुखात्मे सरकारी वकील होतात. मग आरोपीचा वकील कोण? मंडळीत ती भूमिका करणारे प्राध्यापक दामले आज आलेलेच नाहीत, तेव्हा तेही काम सुखात्मेच पाहतील असे ठरते. एकच माणूस या स्टुलावर बसून आरोप करतो आणि त्या स्टुलावर जाऊन, मान खाली घालून, बचाव करतो! प्रेक्षागृहात येथे हशा पिकतो. पुढे खेळाचे शिकारीत रूपांतर होते तेव्हा तो हशा घशात अडकतो. आरोपीच्या बाजूचे साक्षीदार पुकारले जातात. ते सारेच गैरहजर. त्यांत दामलेही असतात. ज्याने तिचा बचाव करायचा, तोच तिला या अवस्थेत सोडून गेलेला पुरुष आहे, हे आपल्या ध्यानात येते.

तेंडुलकरांनी ही योजना केवळ उपरोधासाठी केली असे आम्हांस वाटत नाही. त्या कोर्टात बाकी सारे आहे : शपथ आहे, साक्षी आहेत, हातोडा आहे, कायद्याचे कलमही आहे. एक गोष्ट नाही. आरोपीच्या बाजूने 'हे तुम्हांस कसे ठाऊक?' असे साक्षीदाराला विचारणारे कोणी नाही. सामंत नावाचा भोळा माणूस हातातल्या कादंबरीतले प्रसंग साक्षीत मिसळतो; त्याला कोणी अडवत नाही. रोकडे, पोंक्षे, कर्णिक ऐकीव आणि अर्धवट पाहिलेल्या गोष्टी शपथेवर सांगतात. त्यांनाही कोणी उलट प्रश्न करत नाही. आपले म्हणणे मांडण्यासाठी बेणारेला दहा सेकंद दिले जातात. त्यानंतरचे तिचे प्रसिद्ध स्वगत आपण प्रेक्षक ऐकतो. कोर्टातले कोणीही ते ऐकत नाही. आणि निकाल? जिच्यावर भ्रूणहत्येचा ठपका ठेवला, तिच्या पोटातला गर्भ नष्ट करावा असा! जीवनाच्या पावित्र्याचा कैवार घेऊन सुरू झालेला खटला एका जीवाच्या नाशाची आज्ञा देऊन संपतो. गर्भातील जीवाला पवित्र मानणाऱ्या आमच्या वाचकांनी या शेवटाकडे थांबून पाहावे अशी आमची विनंती आहे. बचावाची बाजू काढून घेतली की न्यायालय ज्या पापाचा निषेध करायला बसते तेच पाप त्याच्या हातून घडू शकते, हे या नाटकाइतके स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्या मराठी कृतीने दाखविले असेल असे आम्हांस वाटत नाही.

तेंडुलकरांनी रिकामी ठेवलेली जागा चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या चित्रपटात भरलेली दिसते. हा चित्रपट २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला आणि त्यास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वृद्ध लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप आहे की, त्यांचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली. कांबळे यांची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. ते २०२१ साली करोनाने निवर्तले. आरोप हास्यास्पद वाटतो. परंतु एका माणसाचा मृत्यू झालेला आहे, आणि कायद्याच्या पुस्तकात त्याला नाव आहे.

या चित्रपटातील बचावाचा वकील विनय व्होरा कोणत्याही अर्थाने नायक नाही. तो सधन घरातला, इंग्रजी वळणाचा, काहीसा एकाकी तरुण आहे. तो आरडाओरडा करीत नाही. टेबलावर मूठ आपटत नाही. तारखा पडतात, तो येतो. पुन्हा तारीख पडते, पुन्हा येतो. त्याच्या कामाचे मोल कळते ते मृत कामगाराच्या पत्नीच्या उलटतपासणीत. साध्या प्रश्नांना साधी उत्तरे मिळतात, आणि त्यांतून हळूहळू एक जीवन उभे राहते : गटारात उतरताना त्या माणसाजवळ संरक्षणाचे कोणतेही साधन नव्हते, दुर्गंधी सोसण्यासाठी तो दारू पीत असे, विषारी वायू आहे की नाही हे तो झुरळ बाहेर येते का ते पाहून ठरवीत असे, आणि त्या कामापायी त्याने एक डोळाही गमावला होता. ती विधवा हे सारे रडत सांगत नाही. जसे घडत होते तसे सांगते.

येथे वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मेलेल्या माणसाची खरी कहाणी कोणी उजेडात आणली? सरकार पक्षाने नव्हे. त्याला आत्महत्या हवी होती. ती उजेडात आणली आरोपीच्या वकिलाने. आपल्या मनात अशी एक समजूत घर करून बसली आहे की, सरकारी वकील हा मृताचा आणि आरोपीचा वकील हा मृताच्या विरोधातला. 'कोर्ट' ही समजूत मोडून काढतो. उलटतपासणी प्रामाणिकपणे झाली तर तिचा लाभ पुष्कळदा मृतालाच होतो. कारण त्याला खरोखर कोणी मारले हे कळण्याचा तो एक मार्ग असतो. पोलिसांचा तोच तो ठरलेला पंच वेगवेगळ्या खटल्यांत कसा उभा राहतो, हेही या चित्रपटात व्होराच दाखवून देतो.

चित्रपटात आम्हांस एक उणीव जाणवते. सरकारी वकील नूतन हिचे घर, लोकलमधला प्रवास, रात्रीचा स्वयंपाक हे सारे दिग्दर्शकाने ज्या बारकाईने टिपले आहे, त्यामुळे ती आपल्या ओळखीची वाटते. व्होरा मात्र एका वेगळ्याच मुंबईतून आलेला वाटतो. गरिबाचा बचाव करणे हे सुखवस्तू माणसाचे औदार्य आहे, असा समज त्यातून नकळत होऊ शकतो. तालुक्याच्या कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसणारा, अशिलाकडून फी कधी मिळते कधी मिळत नाही अशा स्थितीत खुनाच्या खटल्याचे कागद वाचणारा वकील या चित्रपटात नाही, आणि अन्यत्रही आम्ही तो पाहिलेला नाही.

तिसरी कृती हिंदी आहे, परंतु तिची भूमी आपलीच आहे. हंसल मेहता यांचा 'शाहिद' हा २०१३ साली प्रदर्शित झालेला चित्रपट मुंबईचे वकील शाहिद आझमी यांच्या जीवनावर आधारलेला आहे. कोवळ्या वयात टाडा कायद्याखाली तुरुंगात गेलेला, तेथेच शिक्षण सुरू केलेला आणि पुढे दहशतवादाचा आरोप असलेल्यांचे वकीलपत्र घेणारा हा माणूस ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातील आपल्या कार्यालयात गोळ्या घालून मारला गेला. त्या वेळी तो २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या खटल्यात एका भारतीय सहआरोपीचा बचाव करीत होता.

त्या खटल्याची आठवण येथे करणे अगत्याचे आहे. कसाबला सारे जग ओळखत होते. त्याच्या हातातली बंदूक छायाचित्रात होती. मुंबईतील वकिलांच्या एका संघटनेने त्याचा बचाव न करण्याचा निर्णय घेतला. न्यायालयाने मार्च २००९ मध्ये एका महिला वकिलाची नेमणूक केली, तर निदर्शक थेट त्यांच्या घरावर चालून गेले. हितसंबंधांच्या कारणावरून ती नेमणूक पुढे रद्द झाली आणि दुसरे वकील नेमले गेले. कसाबने तुरुंगात मटण बिर्याणी मागितली ही बातमी त्या काळात ऐकली नाही असा माणूस महाराष्ट्रात नसेल. त्या खटल्याचे विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच २०१५ साली सांगितले की, कसाबने बिर्याणी कधी मागितलीच नव्हती. त्याच्याविषयी निर्माण होऊ लागलेली सहानुभूतीची लाट थोपविण्यासाठी आपण ती गोष्ट रचली होती. संतोष देशमुख खटल्यातही शासनाने निकम यांचीच नियुक्ती केली. त्यांच्या कायद्यातील अधिकाराविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. परंतु वाङ्मयाचा विद्यार्थी या नात्याने आम्हांस याचे नवल वाटते की, एका वाक्याची कल्पित कथा सहा वर्षे लोकांच्या मनात सत्य म्हणून राहिली आणि तिच्यावर एकही प्रश्न विचारला गेला नाही. न्यायालयात अशी गोष्ट कोणी सांगितली असती तर उलटतपासणीत ती टिकली नसती. न्यायालयाबाहेर उलटतपासणी नसते.

त्याच खटल्याचा दुसरा भाग लोकांच्या स्मरणात तितकासा नाही. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने कसाबला दोषी ठरवून फाशी सुनावली. त्याच निकालात दोघा भारतीय सहआरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडले. मेलेल्या एका दहशतवाद्याच्या खिशात सापडल्याचे सांगितलेल्या नकाशावर रक्ताचा डाग कसा नाही, ही शंका न्यायाधीशांना महत्त्वाची वाटली. उच्च न्यायालयाने आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती निर्दोष सुटका कायम केली. ज्या पुराव्यावर बचावाने बोट ठेवले तो पुरावा गळून पडला. जो पुरावा खरा होता तो सर्व पायऱ्यांवर टिकला. कसाबच्या शिक्षेवर आज जगातला कोणताही शहाणा माणूस 'हा न्याय नव्हता' असे म्हणू शकत नाही, याचे श्रेय त्याचा बचाव करणाऱ्यांनाही जाते.

'शाहिद'मध्ये राजकुमार राव यांचा अभिनय उत्कृष्ट आहे. त्यांना आणि दिग्दर्शकाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. तरीही चित्रपटाचे एक धोरण आम्हांस पटत नाही. त्याचे अशील बहुतेक सारे निरपराध आहेत. प्रेक्षकाची सहानुभूती मिळविण्याचा हा सोपा मार्ग आहे. निरपराधाचा बचाव करावा हे सांगण्यासाठी चित्रपटाची गरज नाही. ते लहान मुलालाही कळते. कठीण प्रश्न दोषी माणसाचा आहे, आणि तो प्रश्न या चित्रपटाने टाळला आहे.

तो आपण टाळू नये. आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थांनी आम्हांस विचारले, "फादर, मुलाने आता कोर्टात उभे राहायला सुरुवात केली आहे. उद्या असे एखादे प्रकरण त्याच्याकडे आले तर त्याने ते घ्यावे का? घरात लेकीबाळी आहेत, गावात राहायचे आहे." त्यांना आम्ही जे सांगितले ते येथे थोडे विस्ताराने मांडतो.

पहिली गोष्ट, कायद्याची. संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाने अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला आहे. ३९-अ या अनुच्छेदाने गरिबाला विनामूल्य विधी साहाय्य देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. आरोपीच्या अपराधाविषयी स्वतःचे मत काहीही असले तरी त्याचा बचाव करावा, असे वकिलांच्या परिषदेचा नियमच सांगतो. डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट केले की, अमुक आरोपीचा खटला कोणी चालवू नये असे वकील संघटनांचे ठराव बेकायदेशीर आहेत.

दुसरी गोष्ट, मर्यादेची. वकीलपत्र घेणे म्हणजे अशिलाच्या कृत्यात भागीदार होणे नव्हे. परंतु खोटा साक्षीदार उभा करणे, साक्षीदाराला धाक घालणे, मृताच्या चारित्र्यावर विनाकारण चिखल उडविणे, पीडित स्त्रीला भर कोर्टात पुन्हा विटंबना सोसायला लावणे, ही बचावाची कामे नव्हेत. ती पापेच आहेत. डोळ्यांसमोर ज्यांचा कर्ता पुरुष गेला अशा घरातील माणसांना उलटतपासणीत बोलावे लागते. तेथे वकिलाचा आवाज, त्याचा शब्द, त्याची नजर यांत माणुसकी असलीच पाहिजे. मुलाला हे शिकवावे, आणि मग त्याला खुशाल उभे राहू द्यावे.

तिसरी गोष्ट, पीडितांच्या हिताची. २००३ साली महाराष्ट्रात एका कष्टकरी कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जणांचे खून झाले, बलात्कारही झाला. त्या गुन्ह्यासाठी भटक्या जमातीतील सहा माणसे पकडली गेली. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ साली त्यांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. पुढे पुनर्विचारात प्रकरण पुन्हा उघडले गेले आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरविले. प्रत्यक्षदर्शी स्त्रीने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या संग्रहातील छायाचित्रांवरून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नव्हता. सहा जणांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली. त्यांतील एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. शासनाने प्रत्येकास पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश झाला. आता त्या मारल्या गेलेल्या कुटुंबाचा विचार करावा. वर्षानुवर्षे त्यांना वाटत राहिले की न्याय झाला आहे. बचाव अगदी आरंभीच समर्थ असता, तर तो छायाचित्रांचा प्रश्न पहिल्याच न्यायालयात ऐरणीवर आला असता, आणि कदाचित खरे गुन्हेगारही हाती लागले असते. दुबळ्या बचावाने आरोपींचे जितके नुकसान केले तितकेच त्या कुटुंबाचेही केले.

ज्यांना मस्साजोगच्या त्या घरासाठी न्याय हवा आहे, आणि तो आम्हां सर्वांनाच हवा आहे, त्यांनी हे मनाशी धरावे. अपिलात न डगमगणारा निकाल हवा असेल तर पहिल्याच न्यायालयात प्रत्येक साक्षीला आणि प्रत्येक पंचनाम्याला जेवढे कठोर प्रश्न विचारता येतील तेवढे विचारले गेले पाहिजेत. ते विचारणारा माणूस आपला शत्रू नव्हे.

या विचाराला ख्रिस्तसभेच्या परंपरेतही आधार आहे. दानिएलच्या पुस्तकातील १३ व्या अध्यायातील सुझान्नेची कथा आमच्या वाचकांना ठाऊक आहे. दोन प्रतिष्ठित वडीलधाऱ्यांनी साक्ष दिली, लोकांनी विश्वास ठेवला, तिला मरणाकडे नेले जात होते. तरुण दानिएलने दोघा साक्षीदारांना वेगवेगळे केले आणि कोणत्या झाडाखाली पाहिले, एवढेच विचारले. दोघांनी दोन झाडे सांगितली. वाङ्मयाच्या दृष्टीने पाहता ही उलटतपासणीची अतिप्राचीन आणि अतिशय नेटकी कथा आहे. तिच्यातही जमाव सज्जनांचाच होता, हे विसरू नये. पुढे ख्रिस्तसभेने स्वतःच्या विधिशास्त्रात फौजदारी खटल्यातील आरोपीला वकील असलाच पाहिजे, त्याने नेमला नाही तर न्यायाधीशाने द्यावा, असा नियम केला. १९८३ च्या संहितेत तो १४८१ व्या कलमात आहे. वृत्तपत्रे आरोपीच्या वकिलाला कधीकधी 'सैतानाचा वकील' म्हणतात. हे नाव मुळात ज्याला पडले तो रोममध्ये संतपदाच्या चौकशीत उमेदवाराच्या विरोधात शंका काढणारा, ख्रिस्तसभेनेच नेमलेला अधिकारी होता. संत म्हणून ज्याचा गौरव करावयाचा त्याच्याही विरुद्ध कोणीतरी बोलावे असे शतकानुशतके ख्रिस्तसभेला वाटले. मग अपराधी म्हणून ज्याला दंड करावयाचा त्याच्या बाजूने कोणीतरी बोलावे यात अनुचित ते काय?

शेवटी पुन्हा वाङ्मयाकडे. 'कोर्ट' आणि 'शाहिद' या दोन्ही कृती मुंबईच्या आहेत. तेंडुलकरांचे नाटक घडते गावात, परंतु त्यातली मंडळी मुंबईहून आलेली आहेत. आमच्या जिल्ह्यातील कोर्टाचे नाटक अद्याप कोणी लिहिलेले नाही. येथे दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन लाखो माणसे कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. त्यांच्यातील एखाद्याचा मुलगा मारामारीच्या, खुनाच्या गुन्ह्यात पकडला गेला, तर आईबाप फडात असतात; वकील कोणी पाहायचा? जन्मठेपेच्या गुन्ह्यातही एरवी ९० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जामिनाचा हक्क निर्माण होतो. पण तो हक्क त्या पोराला सांगणार कोण? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला तर वकील विनामूल्य मिळतो, हे आमच्या किती कुटुंबांना ठाऊक आहे? पारधी वस्तीवर चोरी-दरोड्याच्या संशयावरून रात्री धाड पडते, तेव्हा सकाळी पोलीस ठाण्याच्या दाराशी उभा राहणारा काळा कोट कोणाचा असतो? या प्रश्नांत जितके नाट्य आहे तितके काल्पनिक खुनाच्या रहस्यात नाही.

आमच्या त्रैमासिकाच्या तरुण लेखकांपैकी कोणी हा विषय घ्यावा असे आम्हांस मनापासून वाटते. मात्र त्याने 'शाहिद'ची सोपी वाट धरू नये. त्याच्या नाटकातील आरोपी खरोखरच दोषी असावा, गुन्हा अंगावर काटा आणणारा असावा, मृताची आई पहिल्या बाकावर बसलेली असावी, आणि तिच्यासमोर त्या वकिलाने उठून पहिला प्रश्न विचारावा. तो प्रश्न त्याने कोणत्या शब्दांत विचारला आणि त्या आईने त्याच्याकडे कसे पाहिले, एवढे जरी लेखकाला नीट लिहिता आले, तरी तेंडुलकरांच्या कोर्टातले ते दुसरे स्टूल मराठी रंगभूमीवर अखेर भरले असे आम्ही म्हणू.